मानपत्रात नसलेलं

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात आमच्या एका वर्गमित्राचा सत्कार झाला. त्याची फाउंड्री आहे, लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. दसरा चौकाजवळचं सभागृह, दारात हलगी, व्यासपीठावर पाहुण्यांची रांग आणि मागच्या फलकावर त्याचा एवढा मोठा फोटो, की त्याच्यापुढं बसलेला तो स्वतः लहान दिसत होता. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर झालं. जिद्द, चिकाटी, दूरदृष्टी हे शब्द प्रत्येक भाषणात आले. उलाढालीचा आकडा पुन्हा पुन्हा सांगितला गेला, माल कुठल्या कुठल्या देशांत जातो तेही. कार्यक्रम संपला, फोटो झाले, लोक जेवणाकडं वळले आणि आम्ही जुने मित्र बाहेर गाड्यांपाशी थांबलो. त्यानं फेटा उतरवून बॉनेटवर ठेवला, कपाळावरचा वळ चोळला आणि म्हणाला, "लई चांगलं बोलले गं सगळे. पण एकानंबी कास्टिंगचं नाव काढलं नाही बघ."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. नेहमीचाच थकलेला, जरा हसरा आवाज. एवढं बोलून तो पाहुण्यांना निरोप द्यायला आत गेला. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कास्टिंग म्हणजे साच्यात रस ओतून घडवलेला लोखंडी भाग, तेच त्याचं काम. ज्या कामात एका माणसानं आपलं सगळं तरुणपण घातलं, त्या कामाबद्दल त्याचा गौरव होतो, आणि त्या कामाचाच उल्लेख राहून जातो. कुणाच्या मनात खोट नव्हती. बोलणाऱ्यांना त्याच्याबद्दल खरंच आदर होता. तरी असं झालं.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा त्याचे वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे, होते. दुपारी डबा पोचवायचं काम त्याच्याकडं असे आणि आम्ही कधी कधी त्याच्याबरोबर जात असू. त्या गल्लीत शिरण्याआधीच वास यायचा. जळलेल्या वाळूचा, कोकचा, आणि त्यात मिसळलेला गोडसर, करपट असा काकवीचा. कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बांधून राहावा म्हणून वाळूत काकवी घालतात, हे मला तिथं कळलं. गुऱ्हाळाच्या मुलखात वाढलेल्या मला काकवी भाकरीबरोबर खायची एवढंच ठाऊक होतं. त्याचे वडील ओली वाळू मुठीत घ्यायचे, घट्ट दाबायचे, मूठ उघडायचे आणि तो लाडू अंगठ्यानं मोडून बघायचे. कडा स्वच्छ तुटली तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. तीच सवय त्याच्यात उतरली. आज त्याच्याकडं वाळूची ओल मोजायचं यंत्र आहे, तरी शॉपमधून जाताना त्याचा हात वाळूच्या ढिगाकडं जातोच.

पुढं त्यानं शिरोलीला भाड्याची शेड घेतली आणि पंपाचे भाग ओतायला लागला. पहिल्या पावसाळ्यात निम्मा माल परत आला. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसायचं, पण गिऱ्हाइकाकडं मशिनिंगला गेलं आणि वरचा थर निघाला की आत पोकळ्या सापडायच्या. ब्लो होल. वाळूत ओल जास्त राहिली, की लोखंडाचा रस पडताच तिची वाफ होते, तिला वाट सापडली नाही की ती धातूतच अडकून बसते. परत आलेलं एकेक कास्टिंग तो स्वतः घण घालून फोडायचा आणि पोकळी नेमकी कुठं आहे ते बघून वहीत मांडायचा. तारीख, हवा, वाळूची ओल, कोअर किती वेळ भाजला, रस किती तापवला होता, साच्याची पेटी कुणी भरली होती. फोडलेलं लोखंड पुन्हा भट्टीत जायचं. असे कितीतरी महिने गेले. त्या वह्या त्याच्या ऑफिसच्या कपाटात अजून आहेत, कडा काळ्या पडलेल्या, काही पानांवर काजळीत उमटलेली अख्खी बोटं. मी एकदा त्या चाळत बसले होते. कारखाना उभा राहतो म्हणजे काय होतं, ते मला त्या पानांमधून जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कशातून कळलं नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, भट्ट्या थंड पडल्या, कामगारांच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हा त्यानं कुणाचा पगार कापला नाही, आणि पूर ओसरल्यावर पहिले दिवस माणसं कारखान्यात न बोलावता एकमेकांच्या घरांतला गाळ काढायला पाठवली.

यातलं एक अक्षरही मानपत्रात नव्हतं.

मी ते मानपत्र नंतर त्याच्या घरी नीट वाचलं. सोनेरी किनार, सुरेख अक्षर. 'आपण आपल्या अथक परिश्रमांनी उद्योगक्षेत्रात उत्तुंग भरारी घेऊन समाजापुढे आदर्श निर्माण केला आहे.' ते डॉक्टरला देता आलं असतं, कुस्तीगिराला देता आलं असतं, नव्यानं निवडून आलेल्या नगरसेवकालाही. याचं मला वाईट वाटतं, कारण सत्कार ही आपल्याकडची मोठी मायेची रीत आहे. कुणी दहावीला चांगले गुण मिळवले, पोलिसात भरती झालं, खरेदी-विक्री संघावर निवडून आलं, की गल्लीतली माणसं वर्गणी काढून शाल आणतात. शेजारच्याचं भलं झालं तर चारचौघांत उभं राहून ते सांगायचं, ही साधी गोष्ट नव्हे. ती रीत टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच तिच्यात माणूस सापडेनासा झाला की जीव तुटतो.

त्या संध्याकाळी सभागृहात चौथ्या रांगेत आमचाच आणखी एक मित्र बसला होता. तो पॅटर्नमेकर. कास्टिंग ज्या आकाराचं हवं, तो आकार आधी लाकडात घडवायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा, मग त्या ठशात रस ओतायचा. तो लाकडी आकार करणारा माणूस म्हणजे हा. सागवानावर त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. पुढं ॲल्युमिनियमचे, कॉम्प्युटरवर कापलेले पॅटर्न आले, लाकडाचं काम कमी होत गेलं आणि त्यानं दुकान बंद केलं. आता मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. फाउंड्रीवाल्याचे पहिले पॅटर्न त्यानंच केले होते, तेही उधारीवर. त्या दिवशी त्याच्या टाळ्या सगळ्यांत जोरात होत्या. कास्टिंगबद्दल बोलू शकेल असा त्या सभागृहात बहुधा तो एकटाच होता, आणि त्याला बोलायला सांगावं असं संयोजकांच्या मनात येण्याचं काही कारण नव्हतं. त्याच्या नावामागं पद नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, फाउंड्रीत हत्यारांची पूजा असते. लेडल म्हणजे रस ओतायची भांडी, पेट्या, घण, पान्हे सगळं धुऊन-पुसून ठेवतात, भट्टीला झेंडूची माळ घालतात आणि एरवी काळ्या असणाऱ्या त्या शेडमध्ये एक दिवस हळदी-कुंकवाचा वास दरवळतो. गेल्या खंडेनवमीला आम्ही मित्रांनी ठरवून पॅटर्नवाल्याला तिथं बोलायला उभं केलं. आधी तो नाहीच म्हणाला. मग हातात खडू घेऊन फळ्यापाशी गेला आणि कामगारांना सांगायला लागला. लोखंड थंड होताना आक्रसतं. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, बघितलं तर शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. शिवाय त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवायचा, नाहीतर वाळूतून वर काढताना कडा ढासळतात. "ह्याच्या पहिल्या ऑर्डरीला उतार माझ्याकडनं कमी पडला होता," तो म्हणाला. "साचे फुटायला लागले. हा रात्री पोत्यात गुंडाळून पॅटर्न घेऊन आला. लाईट गेलेली. मेणबत्ती लावून दोघांनी मिळून घासला. माल उशिरा गेला, गिऱ्हाईक ह्याला वाट्टेल ते बोललं. पण पॅटर्न चुकला होता असं ह्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. माझं दुकान तेव्हा नवीन होतं. ते कळलं असतं तर मला पुढं कुणी काम दिलं नसतं."

एवढी वर्षं आम्हाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोलाही नव्हतं. उलाढाल कुणीही ताळेबंदात वाचू शकतं, पण ही गोष्ट सांगायला तोच माणूस लागत होता. कार्यक्रमानंतर दोन तरुण पोरं फळ्यापाशी जाऊन त्याला उताराबद्दल विचारत राहिली आणि तो जेवण थंड होईपर्यंत त्यांना आकृत्या काढून दाखवत राहिला.

मित्राचं कर्तृत्व कसं बोलून दाखवावं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत देखणं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. मार्च १९२० मध्ये तिथं दोन दिवसांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. आज त्या नावामागं जे काही उभं आहे, त्यातलं जवळजवळ काहीच तेव्हा झालेलं नव्हतं. वय २८ वर्षांचं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सुटलेला, तो पुरा करायला परत जायचं होतं. 'मूकनायक' सुरू होऊन जेमतेम दोन महिने होत होते. महाडचं तळं, गोलमेज परिषद, संविधान, सगळं पुढं, न दिसणाऱ्या काळात. त्या परिषदेला शाहू महाराज स्वतः आले. राजा, वयानं १७ वर्षांनी मोठा, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्या माणसांच्या मेळ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं, की तुम्हाला तुमचा खरा पुढारी सापडला आहे. त्याआधी ते मुंबईत आंबेडकरांच्या घरी जाऊन त्यांना भेटले होते, 'मूकनायक'ला २,५०० रुपये दिले होते. आणि त्याच माणगावच्या परिषदेत महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला.

मी माणगावला जाते तेव्हा माझ्या मनात येतं, की महाराजांनी त्या दिवशी नेमकं काय पाहिलं होतं? पद तर नव्हतंच. पैसा नव्हता. एका तरुण माणसाचा अभ्यास, त्याची बोलण्याची रीत, त्याच्या लिहिण्यातली धार, एवढंच समोर होतं, आणि ते त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं. दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ ला महाराज गेले. आंबेडकर तेव्हा परदेशात शिकत होते. पुढचं काहीच महाराजांना बघायला मिळालं नाही. बघायला मिळेल याची वाट बघत ते थांबलेही नव्हते. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी वेळेवर, लोकांसमोर, मोठ्यानं म्हटलं. आपल्या मित्रांबद्दल आपण असं किती वेळा करतो? बहुतेक वेळा आपण निकालाची वाट बघतो. निवडणूक जिंकू दे, कारखाना नफ्यात येऊ दे, पुरस्कार जाहीर होऊ दे. तोवर 'चाललंय बघू काय ते.'

लोखंडाच्या धंद्यात अशीच एक जुनी गोष्ट आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा नगरपालिकेनं मागितली आणि त्यांना हलावं लागलं. शेतकरी तेव्हा त्यांच्या लोखंडी नांगराला बिचकत होते, त्यानं जमीन नासते म्हणत होते. अशा माणसाला औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधी यमाईच्या मंडपाचं काम दिलं आणि मग कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ. १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. माळ बघून फोटो काढायला कोण येणार होतं? पण त्या माळावर विश्वास टाकला गेला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आता दुसऱ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. ती माझी हॉस्टेलमधली रूममेट. लग्न होऊन ज्या गावात गेली तिथं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं बायकांना पंचायतीत एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते प्रमाण वाढवून एकूण जागांच्या निम्म्यावर नेलं, हे आपण सगळे जाणतो. त्यानंतर गावात काय काय होतं तेही जाणतो. घरच्यांनी तिला उभं केलं ते अर्ज भरायला कुणीतरी हवं म्हणून. निवडून आल्यावर पहिल्या मासिक सभेत तिच्या शेजारी नवऱ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. तिनं ग्रामसेवकाला विचारलं, सभेला कोण कोण बसू शकतं ते कायद्यात वाचून दाखवा. त्यानं वाचलं. नवरा उठून बाहेर गेला. त्या रात्री घरात काय झालं ते तिनं मला फोनवर सांगितलं, ते इथं लिहिणार नाही. पण दुसऱ्या सभेला तिच्या शेजारची ती खुर्ची नव्हती.

तिचं खरं काम पाण्याचं. गावाला टाकी होती, नळ होते, आणि तरी वरच्या आळीला दिवसाआड आणि खालच्या आळीला रोज पाणी. सगळे म्हणायचे की पाणीच कमी आहे. ती पहाटे उठून पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत चालली. "मी रोज त्याच्या मागनं जातो," ती मला सांगायची, कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, "आणि कुठला व्हॉल्व्ह किती वाजता फिरवला ते लिहून घेतो." त्या वहीतून निघालं की एक व्हॉल्व्ह नीट बंदच होत नव्हता आणि खालच्या आळीला विनाकारण तासभर जास्त पाणी जात होतं. व्हॉल्व्ह बदलला. मग पाणीपट्टीची थकबाकी. ती मोठ्या घरांची होती, त्यात तिच्या चुलत सासऱ्यांचंही घर होतं. पहिली नोटीस तिनं तिथंच दिली. योजनेचा माणशी ५५ लिटरचा हिशेब तिनं चावडीवर खडूनं लिहून ठेवला, कुणालाही जाता-येता वाचता यावा असा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती वर्षानुवर्षं फक्त सह्यांपुरती व्हायची. हिनं ती दुपारी दोनला ठेवली, धुणीभांडी आटोपतात आणि म्हशींची वेळ व्हायची असते त्या मधल्या तासात. बायका आल्या, कारण तो तास त्यांचा होता.

तिच्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी गावानं तिचा सत्कार करायचं ठरवलं आणि तिनं मला त्या गडबडीत मदतीला बोलावलं. मी एकच हट्ट धरला, पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलू द्या. मंडळी घुटमळली. तो काय बोलणार? तो उभा राहिला, टोपी काढून हातात धरली आणि सरळ सांगू लागला. आधीचे सगळे सरपंच मला फोन करायचे, अमक्याच्या आळीला जरा जास्त सोड. वैनींनी कधी फोन केला नाही. वैनी यायच्या. पावसात पण यायच्या. एकदा पाइप फुटला तेव्हा चिखलात उतरून त्यांनी बॅटरी धरली. टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकल्यावर वास येतो म्हणून लोक मला शिव्या द्यायचे, वैनींनी महिला सभेत सगळ्यांसमोर तेच पाणी पिऊन दाखवलं. माझा पगार चार महिने थकला होता, तो पहिल्या सभेत काढला. एवढंच, म्हणाला, आणि बसला.

त्यानंतर आमदारांचं भाषण झालं. तेही चांगलं झालं, पण मला जाणवलं की त्यांनी आपल्या तयार भाषणात बदल केला होता. त्यांनी व्हॉल्व्हचा उल्लेख केला, पाणीपट्टीचा केला. आपल्या भागातल्या इतर गावांनी ही वही बघायला यावी, असं म्हणाले. एका माणसानं नेमकं सांगितलं की पुढच्यालाही नेमकं बोलावं लागतं, आणि मग टाळ्यांचा आवाजसुद्धा वेगळा येतो.

मन मोठं असतं असं आपण म्हणतो, पण मित्राचं मोठेपण साजरं करताना मनात बरंच काही चाललेलं असतं. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या कामाला भट्टीची धग नाही की ग्रामसभेचा गलका नाही. फाउंड्रीवाल्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले, त्या पांढऱ्या संगमरवरी जिन्यावरून चढले, तेव्हा आनंदाबरोबर काहीतरी बोचलंच. ते नाकारून काय उपयोग? मी ते बराच काळ न्याहाळलं आहे आणि मला एक दिसलं. बोच येते ती आकड्यांमधून. उलाढाल ऐकली, मतांची आघाडी ऐकली, की मन लगेच आपला स्वतःचा आकडा काढून शेजारी ठेवतं. पण रात्री दोन वाजता घणानं स्वतःचाच माल फोडणारा मित्र डोळ्यांपुढं आणला, चिखलात बॅटरी धरून उभी असलेली मैत्रीण आणली, की तुलना करायला माझ्यापाशी काही उरत नाही, उरतं ते कौतुक, आणि आपण ह्यांचे मित्र आहोत याचं समाधान. असूयेवर दुसरा उतारा मला सापडलेला नाही. त्यांचं काम जवळून बघायचं, इतक्या जवळून की आपल्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता यावं.

धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबद्दल विचार करताना मला हेच दिसतं. एक केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. दुसरे लोणीचे शेतकरी, शाळा फारशी न शिकलेले, पण गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करणारे. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हा अध्यक्ष गाडगीळ होते आणि उपाध्यक्ष विखे पाटील. देशातल्या नामांकित अर्थतज्ज्ञाला शेतकऱ्यांच्या अजून सुरूही न झालेल्या कारखान्याला आपलं नाव देण्याची काय गरज होती? त्यांनी विखे पाटलांची माणसं जोडण्याची ताकद ओळखली होती, आणि ओळखल्यावर ते लेख लिहून मोकळे झाले नाहीत, जबाबदारीच्या खुर्चीत बसले. विखे पाटलांनीही त्यांच्या विद्वत्तेचा नुसता जयजयकार केला नाही, ती कामाला लावली. एकमेकांच्या कर्तृत्वाचा याहून चांगला गौरव मला ठाऊक नाही. आज सहकाराबद्दल आपल्या मनात कितीही प्रश्न असोत, त्या दोघांमधला हा भरवसा मला फार मोलाचा वाटतो.

मैत्रिणीची मुदत संपली. पुढच्या सोडतीत आरक्षण बदललं, तिला उभं राहता आलं नाही. आता फलकांवर तिचा फोटो नसतो, कार्यक्रमाच्या पत्रिकेत नाव खाली खाली सरकत गेलं. हा काळ मित्रांनी सांभाळायचा असतो असं मला वाटतं. निवडून आल्यावर हार घेऊन येणारे पुष्कळ असतात. मी तिच्याकडं जाते, आम्ही तिच्या परड्यात बसतो, ती भुईमुगाच्या शेंगा भाजते आणि मी तिला मुद्दाम जुन्या कामांबद्दल विचारते. बोलता बोलता तिचे हात व्हॉल्व्ह फिरवल्यासारखे फिरायला लागतात.

गेल्या खेपेला गेले तर ती पत्र लिहीत बसली होती. नव्या सरपंचाला. तो विरोधी गटाचा, निवडणुकीत हिच्या माणसांविरुद्ध बरंच बोललेला तरुण. त्यानं नळांना मीटर बसवले होते. हिनं पाच वर्षं प्रयत्न करूनही तिला ते जमलं नव्हतं, घराघरांतून विरोध झाला होता. त्यानं आधी स्वतःच्या घरी मीटर लावला, मग भावकीत, आणि महिनाभर रीडिंग घेऊन दाखवलं की काटकसरीनं वापरणाऱ्यांचं बिल जुन्या पट्टीपेक्षा कमी येतं. मग बाकीचे तयार झाले. हे सगळं तिनं पत्रात क्रमानं लिहिलं होतं. कुणाकडून सुरुवात केली, रीडिंग कोण घेत होतं, कुठल्या आळीत अडलं आणि ते कसं सुटलं. शुद्धलेखन बघ म्हणून तिनं कागद माझ्या हातात दिला. मी दोन वेलांट्या सुधारल्या, बाकी हात लावण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'हे काम मला जमले नव्हते, तुम्ही केलेत. पाणी सोडणाऱ्याला मीटरचे शिकवायला कोल्हापूरला पाठवलेत ते फार बरे केलेत.' घरच्यांना हे पत्र पसंत नव्हतं. विरोधकाला लेखी देतेस, उद्या तेच छापून वाटतील, असं दीर म्हणाला. छापू दे की, ती म्हणाली, त्यात खोटं काय आहे? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते वाचलं जावं आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी, असा अर्ज तिनं पत्राला जोडून ग्रामसेवकाकडं दिला आहे.